स्पीकर कुणाच्या खोलीत?

घरात वस्तू एक आणि वापरणारे दोन असले, की ती वस्तू हळूहळू कुणा एकाची होऊन जाते. खिडकीजवळची खुर्ची बाबांची, जाड उशी दादाची, पंख्याखालची जागा पाहुण्यांची. कुणी बसून ठरवलेलं नसतं, पण ठरलेलं मात्र असतं. आजकाल या यादीत कॉम्प्युटरच्या स्पीकरची भर पडली आहे.

हसू नका, मैत्रिणींनो! स्पीकर म्हणजे काय मोठी वस्तू, असं मलाही कुणी म्हटलं असतं तर पटलं असतं. पण बचत गटाच्या कामानिमित्त माझं घरोघर जाणं होतं. चहा होईपर्यंत नजर इकडेतिकडे फिरते. आता बऱ्याच घरांत दोन कॉम्प्युटर दिसतात. एक जरा बरा, टेबलावर मांडलेला. दुसरा जुना लॅपटॉप, कधी कॉटवर, कधी जेवणाच्या टेबलावर, कधी देवघराशेजारच्या कोनाड्यात. आणि स्पीकरचा जोड एकच. तो कुठल्या कॉम्प्युटरला लावलेला असतो, हे मी आता न बघताही सांगू शकते.

आपल्या छोट्या गावांत कॉम्प्युटर घरात आला तो साधारण 2001 नंतर. त्या वर्षी एमएस-सीआयटी सुरू झाली आणि तालुक्याच्या गावी गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. पाठोपाठ घरात एक जडशीळ मॉनिटर, त्याच्यावर क्रोशाचं किंवा प्लास्टिकचं कव्हर, आणि दोन्ही बाजूंना द्वारपालासारखे दोन छोटे स्पीकर! तेव्हा कॉम्प्युटर अख्ख्या घराचा होता, म्हणून स्पीकरही घराचे होते. दुसरा कॉम्प्युटर आला तो बऱ्याच घरांत 2020 मध्ये. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, शाळा-कॉलेजं मोबाइलवर आली, आणि ज्यांना जमलं त्यांनी उसनवारी करून एखादा सेकंडहँड लॅपटॉप घेतला. तो घेताना वर आणखी स्पीकर कोण घेणार? लॅपटॉपला आतून आवाज असतोच की, असं म्हणून विषय मिटला.

पण तो आतला आवाज कसा असतो, ते जरा बघा. लॅपटॉपचे स्पीकर नखाएवढे, बऱ्याचदा खालच्या बाजूला, टेबलाकडे तोंड करून बसवलेले. पातळ, कुरकुरीत आवाज येतो. बारीक सूर येतात, खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. कारण साधं आहे. खालचा सूर उमटवायला जास्त हवा हलवावी लागते आणि त्यासाठी पडदा मोठा लागतो. नखाएवढ्या पडद्याला ते झेपत नाही.

माझ्या एका मैत्रिणीची मुलगी गाणं शिकते. गांधर्वच्या परीक्षा देते आहे. तानपुरा विकत घेणं काही त्यांना परवडणारं नाही, त्यामुळे ती लॅपटॉपवर तानपुरा लावून रियाज करते. तानपुऱ्याच्या चार तारांतली शेवटची खर्जाची. सगळ्या सुराला बैठक असते ती तिच्यावर. आणि लॅपटॉपमधून नेमकी तीच गायब! पोरगी म्हणाली, "काकू, अधांतरी गायल्यासारखं वाटतं. खाली जमीनच नाही." शेजारच्या खोलीत भावाच्या कॉम्प्युटरला चांगले तीन डब्यांचे स्पीकर, खाली मोठा डबा धरून. त्यात काय वाजत होतं? गेममधला गोळीबार. भाऊ वाईट नाही हो, चांगला समंजस मुलगा आहे. बहिणीने मागितले तर देतोही. पण रोज मागायचं, टेबलाखाली वाकून पिन काढायची, डबे उचलून आणायचे आणि परत नेऊन लावायचे, हे आठवडाभर होतं. मग मागणारीच म्हणते, "राहू दे." माझं सगळं म्हणणं या "राहू दे"बद्दल आहे. आपल्या मुलींच्या तोंडी हे दोन शब्द फार लवकर बसतात.

दुसरा प्रसंग आमच्या गटाचा. मसाले आणि पापडाच्या पाकिटावर लेबल कसं असावं, वजन, तारीख, घटक कुठे लिहावेत, यावरचा एक माहितीपट मी दाखवायला ठेवला होता. एका सभासदाच्या घरी हॉलमध्ये बारा-तेरा बायका जमलेल्या, समोर लॅपटॉप, डोक्यावर गरगरणारा पंखा. उन्हाळ्यात पंखा बंद करा म्हणायची सोय नाही. पुढच्या चौघींना ऐकू येत होतं. मागच्या नुसत्या माना हलवत होत्या. संपल्यावर मी विचारलं, "कळलं ना?" तर एकसुरात, "हो ताई." मग एका आजींनीच खरं सांगितलं, "चित्रं छान होती गं." आणि पलीकडच्या खोलीत, भिंतीच्या पलीकडे, कॉलेजला गेलेल्या मुलाच्या बंद कॉम्प्युटरशेजारी स्पीकरचा जोड ओढणी पांघरून गप्प बसलेला.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा हेडफोन लावा की! सोपा सल्ला आहे, आणि पुरुषमाणसं तो फार पटकन देतात. एक तर हेडफोन एकाचा असतो, बारा जणींचा नाही. दुसरं म्हणजे कानाला जपायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की मोठ्या माणसांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंतच ऐकावा. मुलांसाठी ती पातळी 75 डेसिबल धरली आहे. ऑनलाइन शिकवणी, त्यात गाणी, त्यात गेम, सगळं कानात कोंबून पोरं दिवस काढतात. आणि तिसरं कारण आपल्या घरातलं. बाईचे कान सतत कामावर असतात. कुकरची शिट्टी, दूध उतू जाण्याआधीची ती बारीक चुरचुर, दाराची कडी, सासूबाईंची हाक, पाळण्यातलं बाळ. दोन्ही कान बंद करून बसण्याची चैन गृहिणीला नाही. तिला काही शिकायचं तर ते कान उघडे ठेवूनच.

तेव्हा एका जोडीत दोघांचं भागवायचं कसं? यात काहीही अवघड नाही, आणि कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याची वाट बघायचीही गरज नाही. मिक्सरचं भांडं बसवता येतं तिला हे येतं.

आधी स्पीकरच्या शेपटीकडे बघा. दोन वायरी असतात. एक विजेची, दुसरी आवाजाची, टोकाला गोल चकचकीत पिन. ही साडेतीन मिलिमीटरची पिन, दुकानात 'ऑक्स पिन' म्हणाल तरी समजतं. नीट पाहिलं तर तिच्यावर दोन काळी कडी दिसतील. त्यांनी पिनेचे तीन भाग केलेले असतात. टोक डाव्या स्पीकरचं, मधला भाग उजव्याचा, मुळाशी दोघांचा समाईक. कॉम्प्युटरच्या मागे तीन रंगांची भोकं असतात. हिरवं आवाज बाहेर येण्याचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरचा आवाज आत घेण्याचं. हे रंग बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर सारखेच. मला ही रंगांची युक्ती फार आवडते, वाचता न येणाऱ्यालाही समजेल अशी.

दुकानात गेलात आणि "दोन कॉम्प्युटर, एक स्पीकर" म्हणालात तर पुष्कळदा समोर येते ती वाय आकाराची पिन. दोन पाय, एक धड, किंमत अगदी किरकोळ. ती घेऊ नका! ती पिन बनलेली आहे उलट्या कामासाठी, म्हणजे एका मोबाइलला दोन हेडफोन लावायला. दोन कॉम्प्युटर एका स्पीकरला जोडायला ती लावली, तर विहिरीवरच्या दोन मोटारींचे पाइप मध्ये व्हॉल्व्ह न लावता एकाच पाइपला जोडल्यासारखं होतं. एका मोटारीचं पाणी टाकीत जाण्याऐवजी दुसरीच्या पाइपातून मागे जातं. इथेही तसंच. एका कॉम्प्युटरचा आवाज स्पीकरकडे जाण्याऐवजी दुसऱ्या कॉम्प्युटरच्या भोकात शिरतो. दुसरा बंद असला तरी बऱ्याचदा ही वाट उघडीच असते. आवाज दबतो, फाटतो, आणि दोन्हींच्या आतल्या भागांवर विनाकारण ताण येतो. इलेक्ट्रॉनिक्सची जाण असलेली मंडळी मध्ये रेझिस्टर घालून हे जमवतात, पण तो आपला उद्योग नव्हे.

आपल्याला हवा तो एक छोटा डबा. 'टू-इन-वन-आउट ऑडिओ स्विच' असं त्याचं नाव. काडेपेटीहून थोडा मोठा. एका बाजूला दोन भोकं, दुसऱ्या बाजूला एक, आणि वर एक बटण. त्याला वीज लागत नाही, सेल लागत नाही, कॉम्प्युटरमध्ये काही भरावं लागत नाही. स्पीकरची पिन एकट्या भोकात. दोन्हीकडे पिन असलेल्या दोन ऑक्स केबल घ्यायच्या आणि दोन कॉम्प्युटरपासून दोन भोकांत आणायच्या. बटण इकडे दाबलं की हा बोलतो, तिकडे दाबलं की तो. एका वेळी एकच वाट उघडी, त्यामुळे मागे पाणी जाण्याचा प्रश्नच नाही. खर्च काही शे रुपये. तालुक्याच्या दुकानात हा डबा मिळेलच असं नाही. आमच्याकडे तो सोलापूरहून येणाऱ्या एका भाच्याबरोबर मागवला होता. ऑनलाइनही मिळतो.

घेण्यापूर्वी एक गोष्ट मात्र तपासा. काही स्पीकरना गोल पिन नसतेच, नुसती चपटी यूएसबी असते. त्यांचा आवाजही त्या यूएसबीतूनच जातो. त्यांना हा डबा चालणार नाही, यूएसबीचा वेगळा स्विच लागेल. काही स्पीकरना दोन्ही असतात. गोल पिन आवाजासाठी आणि यूएसबी फक्त विजेसाठी. इथे गंमत होते. यूएसबी दादाच्या कॉम्प्युटरला लावलेली आणि दादाचा कॉम्प्युटर बंद, की ताईने कितीही बटण दाबलं तरी स्पीकर मुका! यावर उपाय सोपा आहे. ती यूएसबी कॉम्प्युटरला लावायचीच नाही. मोबाइलच्या साध्या चार्जरमध्ये घालून बोर्डात लावायची. दोन्हीकडची वीज पाच व्होल्टचीच असते. स्पीकर मग कुणाच्याच दारचा राहत नाही.

दुसरी एक रीत आहे, तिला पैसे पडतात फक्त एका केबलचे. लॅपटॉपमधून निघालेली केबल मोठ्या कॉम्प्युटरच्या निळ्या भोकात घालायची. मग विंडोजच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगखाली 'लाइन इन' शोधून 'लिसन टू धिस डिव्हाइस' या ओळीपुढे खूण करायची. दोघांचे आवाज एकत्रच येतात, बटण दाबायलाही नको. गुलाबी भोकात मात्र चुकूनही घालू नका. ते माइकच्या नाजूक आवाजासाठी असतं, त्यात असा दणदणीत आवाज घुसला की नुसता फाटका गोंगाट ऐकू येतो. तरी मला ही रीत फारशी पसंत नाही. कारण मोठा कॉम्प्युटर चालू असल्याशिवाय लॅपटॉपला आवाज नाही. म्हणजे पुन्हा दादा घरी हवा, त्याचा कॉम्प्युटर सुरू हवा, त्याचा पासवर्ड हवा. शिवाय विजेचं बिल.

दोन्ही कॉम्प्युटर एकाच टेबलावर असतील आणि मॉनिटर एकच असेल, तर आधी मॉनिटरच्या मागे हात फिरवून बघा. एचडीएमआयच्या पुष्कळ मॉनिटरना मागे हेडफोनचं भोक असतं. स्पीकर तिथे लावला की ज्याचं चित्र त्याचा आवाज.

आणि ब्लूटूथ? हल्लीच्या मुली लगेच तेच विचारतात. इतिहास हा माझा कॉलेजातला आवडता विषय, म्हणून जाता जाता सांगते. हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचं, त्याचं टोपणनाव 'निळा दात'. त्याने फुटलेली टोळकी एकत्र आणली म्हणे. आपल्या घरात मात्र हा निळा दात भांडणंच लावतो. साधा ब्लूटूथ स्पीकर एका वेळी एकाशीच बोलतो आणि सुरू केल्याबरोबर ओळखीच्या घरी धावतो. बहीण रियाजाला बसते, तिकडे भावाचा कॉम्प्युटर सुरू होतो आणि तानपुऱ्याऐवजी बंदुका! खोक्यावर 'मल्टिपॉइंट' लिहिलेलं असेल तर तो दोघांशी जोडलेला राहू शकतो. तेवढं बघून घ्या. जुन्या कॉम्प्युटरला ब्लूटूथ नसतं, त्याला बोटाच्या पेराएवढी वेगळी पिन लावावी लागते. शिवाय ब्लूटूथने आवाज किंचित उशिरा पोहोचतो. बातम्या ऐकायला काही बिघडत नाही, पण पेटी वाजवणाऱ्याला तो उशीर बोचतो.

आता एका त्रासाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. सगळं नीट जोडलं तरी कधी कधी स्पीकरमधून भुंग्यासारखी घूंऽऽ अशी गुणगुण येते. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते, तिचाच हा सूर. एक कॉम्प्युटर हॉलच्या बोर्डावर, दुसरा आतल्या खोलीच्या बोर्डावर, दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असला की आवाजाच्या वायरीतून नको ती वीज वाहू लागते आणि ती ऐकू येते. ओळखायची खूण सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघा. गुणगुण थांबली, तर दोष स्पीकरचा नाही, अर्थिंगच्या या वळशाचा आहे.

अशा वेळी कुणीतरी हुशार माणूस सांगतो, "वहिनी, प्लगची ती तिसरी जाड पिन मोडून टाका, नाहीतर टू-पिन लावा, गुणगुण जाईल." गुणगुण जाईलही. पण ती जाड पिन आपल्या रक्षणासाठी आहे. कॉम्प्युटरच्या पत्र्यात कधी वीज उतरली तर ती त्या पिनेवाटे जमिनीत जाते. ती नसली की हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. ओल्या हाताने फडकं मारणारी घरात कोण असते, हे मी सांगायला नको. त्या पिनेला हात लावू देऊ नका. त्याऐवजी दोन्ही कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच थ्री-पिन एक्स्टेन्शन बोर्डावर घेऊन बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची एक छोटी डबी लॅपटॉपच्या केबलमध्ये जोडता येते. तिच्यात दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो पण वायरीला वायर भिडत नाही. आणि कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर स्पीकरचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी वायरमनला बोलवा. अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांमध्ये बोर्डाला तीन भोकं दिसतात, पण तिसऱ्यामागे वायरच नसते.

मैत्रिणीच्या घरी तो डबा आला, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो ठेवायचा कुठे? भाऊ म्हणाला, "माझ्या टेबलावर ठेवा, मी बदलत जाईन." मैत्रीण गप्प. मुलगीही गप्प. तिथे मी बोलले, परक्या घरात बोलू नये तरी बोलले. बटण जर त्याच्या टेबलावर राहिलं, तर मागणं काही सुटत नाही. फक्त पिन काढण्याऐवजी बटण दाबायला सांगावं लागतं, एवढाच फरक. शेवटी स्पीकर दोन खोल्यांच्या मधल्या दारापाशी, पुस्तकांच्या फळीवर गेले. बटण फळीच्या कडेला, येताजाता कुणाचाही हात पोचेल असं. कुठल्या बाजूला कोण हे कळावं म्हणून मुलीने डब्यावर टिकल्या लावल्या, लाल तिची, हिरवी भावाची. भावाने आधी कुरकुर केली. गेमला कानाशी स्पीकर लागतो म्हणाला. मग रात्रीच्या गेमसाठी त्याने स्वतःच हेडफोन काढला, कारण रात्री दहानंतर त्या घरात कुणालाच गोळीबार नको होता. सकाळी साडेपाच ते सात बटण लाल टिकलीकडे, हे मात्र ठरवून घेतलं आणि कॅलेंडरवर लिहून ठेवलं. तोंडी ठरलेलं आपल्या घरांत टिकत नाही.

गटाच्या मीटिंगसाठीही आता तसंच करतो. ज्या घरी मीटिंग, तिथल्या स्पीकरची जागा आधी बघून ठेवते आणि माझ्या पिशवीत एक लांब केबल असते. मागच्या आजींना पुढे बसवायचं नाही, स्पीकर त्यांच्या मागे न्यायचा. गेल्या वेळी त्यांनी माहितीपट मध्येच थांबवायला लावून प्रश्न विचारला, पाकिटावर तारीख तयार केल्याची की संपण्याची? त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि माहितीपट अर्धाच राहिला.

केबलची लांबी दुकानात उभं राहून अंदाजाने सांगू नका. आधी घरी सुतळी घ्या आणि केबल जिथून जाणार त्या वाटेने, भिंतीच्या कडेकडेने, दाराच्या चौकटीला वळसा घालून ती धरा. दाराच्या फटीतून आडवी नको, पाय अडकतो, आणि केरसुणीही. जेवढी सुतळी लागली त्याहून हातभर जास्त केबल घ्या. घरातल्या चार-पाच मीटरला आवाजात काही फरक पडत नाही. जोडताना स्पीकरचा आवाज अगदी कमी करून ठेवा, नाहीतर पिन आत जाताना असा काही 'ठाप्' आवाज येतो की सासूबाई देवघरातून उठून येतील.